सहकाऱ्याचे वागणे बिघडू लागले तर काय करावे

सहकाऱ्याच्या स्वभावावर शिक्का मारण्याआधी त्याच्यावरील कामाचा भार पाहावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटची, म्हणजे कामाच्या दीर्घकाळच्या ताणातून येणाऱ्या अवस्थेची, तीन लक्षणे दिली आहेत: थकवा, कामाविषयी अलिप्तता किंवा कडवटपणा, आणि कार्यक्षमता घटणे, यांपैकी दुसरे अनेकदा उद्धटपणाच्या रूपाने समोर येते. ताणामुळे वागणे समजते, ते क्षम्य ठरतेच असे नाही.

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने मांडल्याप्रमाणे माणसे सौम्य शब्द वापरून, जबाबदारी इतरांवर ढकलून किंवा पीडितालाच दोषी ठरवून सदसद्विवेकाची टोचणी बोथट करतात. म्हणूनच भर बैठकीत कुणाचा पाणउतारा झाल्यावर ‘जरा गंमत केली’ किंवा ‘वरूनच आदेश होता’ अशी वाक्ये कानी पडली, तर ती तारखेसह जशीच्या तशी नोंदवावीत. ‘तो नेहमीच त्रास देतो’ ही तक्रार सहसा टिकत नाही. ‘मंगळवारच्या बैठकीत त्याने माझा अहवाल टेबलावर फेकला’ ही टिकते.

किरकोळ प्रसंग असल्यास लवकरात लवकर, एकांतात आणि मोजक्या शब्दांत बोलावे, कारण उद्धटपणा प्रत्युत्तरांतून चढत जातो. धमकी किंवा लैंगिक छळ असेल, तर समजावण्याच्या भानगडीत न पडता थेट लेखी तक्रार करावी आणि तिची पोच घ्यावी.