दृष्टीचे सिद्धांत लिहिताना या चुका टाळा

मानसशास्त्राच्या उत्तरपत्रिका तपासताना दृष्टीच्या सिद्धांतांवरचा प्रश्न आला की मी सावरून बसते. नावं बरोबर, सालं बरोबर, पाठांतरही चोख, आणि तरी उत्तर घसरलेलं. याचं वाईट वाटतं, कारण मेहनत दिसत असते.

सगळ्यात जास्त घसरगुंडी होते ती ग्रेगरी आणि गिब्सन यांची कुस्ती लावताना. रिचर्ड ग्रेगरींच्या मते डोळ्यांकडून येणारी माहिती अपुरी असते आणि मेंदू अनुभवाच्या जोरावर अंदाज बांधतो. (ही कल्पना मुळात जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांची, एकोणिसाव्या शतकातली.) जेम्स गिब्सन म्हणतात, प्रकाशातच भरपूर माहिती असते, हिंडत्याफिरत्या माणसाला ती पुरते. इथवर ठीक. मग शेवटी एक ओळ येते, 'म्हणून ग्रेगरींचा सिद्धांत योग्य आहे', आणि मार्क तिथेच जातात.

तसं लिहिण्याआधी जत्रेत मिळतो तो प्लास्टिकचा मुखवटा आणा. त्याची आतली, खोलगट बाजू आपल्याकडे करून भिंतीला टेकवा. दोन-तीन मीटरवर उभं राहून एक डोळा मिटा. आत गेलेलं नाक बाहेर आलेलं दिसेल. डावीउजवीकडे सरका, चेहरा तुमच्याबरोबर वळतोय असं वाटेल. मुखवटा उलटा आहे हे पक्कं ठाऊक असूनही! आता दोन्ही डोळे उघडे ठेवून हळूहळू जवळ या. हातभर अंतरावर आलात की नाक एकदम आत जातं. लांबून, एका डोळ्याने पाहताना मेंदूचा 'चेहरा म्हणजे उंचवटा' हा अंदाज वरचढ ठरला. जवळून दोन्ही डोळ्यांना कोणता भाग किती खोल आहे याची भरपूर माहिती मिळाली तेव्हा तो मोडला. कोणत्या परिस्थितीत कोणता सिद्धांत चालतो, हे उत्तरात यायला हवं.

गिब्सन यांच्यासाठीही असंच उदाहरण द्या. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी अमेरिकी वैमानिकांवर काम केलं होतं. एसटीत ड्रायव्हरमागच्या सीटवरून सरळ रस्त्याकडे पाहिलंत तर ते काय म्हणतात ते कळतं: जिकडे गाडी चाललीय तो बिंदू स्थिर, आणि झाडं, खांब, कठडे त्याच्यापासून बाहेर पसरत मागे जातात. गाडी कुठे चाललीय ही माहिती त्या दृश्यातच असते.

दुसरी चूक नावाची. काचेच्या टेबलावरचा 'दृश्य कडा' प्रयोग (काचेखाली खोल दिसत असताना बाळ त्यावरून रांगत जातं का, हे पाहणारा) सर्रास जेम्स गिब्सन यांच्या नावावर टाकला जातो. तो 1960 साली प्रसिद्ध केला एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांनी. एलिनॉर या जेम्स यांच्या पत्नी आणि स्वतः मोठ्या संशोधक. त्यांचं श्रेय त्यांनाच द्या. 'खोलपणाचं ज्ञान जन्मजात असतं हे सिद्ध झालं' असंही लिहू नका. त्यातली बाळं रांगती, सहा महिन्यांच्या पुढची होती. तोवर बाळ बरंच काही शिकलेलं असतं.

गेस्टाल्टबद्दल, म्हणजे आपण सुटे भाग नव्हे तर पूर्ण आकृती पाहतो असं मानणाऱ्या विचाराबद्दल, एवढंच: त्यातले एक मानसशास्त्रज्ञ कॉफ्का यांनी समग्र हे भागांच्या बेरजेपेक्षा 'वेगळं' असतं असं म्हटलं, 'मोठं' नव्हे.

शेवटची चूक म्यूलर-लायर भ्रमाची. बाणांची टोकं आत-बाहेर केली की सारख्या रेषा लहानमोठ्या दिसतात. कारण म्हणून सगळे लिहितात, आपण कोपऱ्यांच्या खोल्यांत, काटकोनांच्या जगात वाढतो म्हणून. 1966 साली सेगल आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या समाजांत भ्रमाचं प्रमाण कमीजास्त असल्याचं दाखवलं, हे खरंच. पण आपल्याच देशात दृष्टीचे संशोधक पवन सिन्हा यांच्या 'प्रकाश' प्रकल्पात जन्मापासून मोतीबिंदू असलेल्या मुलांवर शस्त्रक्रिया होतात. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 8 ते 16 वर्षांच्या अशा नऊ मुलांना, दृष्टी आल्यावर लगेचच, हा भ्रम झाला. खोल्यांचे कोपरे बघत वाढायला त्यांना वेळच मिळाला नव्हता. तेव्हा काटकोनांचं स्पष्टीकरण जरूर लिहा, पण त्याच्या शेजारी ही नऊ मुलंही लिहा.