स्नेटिशमला पक्षी आणि रानफुलं बघायला जाताय? आधी भरतीची वेळ बघा

दोघातिघांनी विचारलं म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. इंग्लंडच्या नॉरफकमध्ये वॉशच्या खाडीवर स्नेटिशम आहे, आरएसपीबीचं (इथल्या पक्षीसंरक्षण संस्थेचं) राखीव क्षेत्र, तिथे ऑगस्टमध्ये जायची तयारी. ऑगस्ट अशासाठी की उत्तरेकडे विणीला गेलेले नॉट (knot) नावाचे चिखलात चरणारे किनारपक्षी तोवर परतायला लागलेले असतात, काहींचा उन्हाळी विटकरी रंग अजून उतरलेला नसतो, आणि किनाऱ्यावर फुलंही असतात. दोन्ही एकाच फेरीत.

पहिली गोष्ट भरतीची वेळ. दुसरी गोष्टही भरतीची वेळ. गेल्या वेळी मी दुर्बीण, जाकीट, थर्मास, डबा सगळं घेतलं, हवामान तीन ॲपवर बघितलं, आणि भरती बघितलीच नाही. निवांत नाश्ता करून दुपारी बाराला किनाऱ्यावर उभी. समोर क्षितिजापर्यंत चिखल आणि त्याच्या पार टोकाला तीळ सांडल्यासारखे ठिपके, तेच पक्षी. दुर्बिणीतूनसुद्धा ठिपकेच. तेव्हा आता चिडून लिहितेय तर चालवून घ्या.

तिथे होतं काय, तर ओहोटीला हे हजारो पक्षी खाडीतल्या चिखलावर मैलोन् मैल पसरून खात असतात. मोठी भरती आली की पाणी चिखल गिळत येतं, पक्षी सरकत सरकत किनाऱ्याकडे येतात आणि शेवटी उभं राहायला जागाच उरत नाही तेव्हा सगळा थवा एकदम उठून डोक्यावरून मागच्या तळ्यांमध्ये जाऊन बसतो. (ही तळी म्हणजे दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या धावपट्ट्यांसाठी इथून गोटे-वाळू उपसली त्याचे खड्डे.) पाणी उतरलं की परत चिखलावर. हा सगळा खेळ भरतीच्या आगेमागे, म्हणून ‘शनिवारी सकाळी जाऊ’ असं ठरवून काही उपयोग नाही. कुठला शनिवार, कितीची भरती, किती मीटरची, हे आधी. लहान भरती असेल तर चिखल पुरता बुडतच नाही, पक्षी लांबच्या लांब आरामात चरत बसतात आणि तुम्ही इकडे थंडीत. साधारण सात मीटर किंवा वर असेल तरच पहाटे उठायचे कष्ट घ्या. योग्य तारखा आरएसपीबी स्वतःच जाहीर करते, त्या बघूनच सुट्टी टाका.

भरतीचं टेबल, म्हणजे वेळापत्रक, जवळच्या हन्स्टंटन गावचं बघायचं. लंडन ब्रिजचं नाही, क्रोमरचंही नाही. नॉरफकच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला वेळ बदलते.

कोकणातली मंडळी म्हणतील त्यात काय, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. निघते, पण ती आपल्या किनाऱ्यावर. तिकडे पौर्णिमा-अमावस्येला भरती दुपारी अकरा-बाराच्या सुमाराला येते, वॉशमध्ये उधाणाची भरती येते सकाळी आणि संध्याकाळी सहा-सात-आठच्या आसपास. म्हणजे दुपारी बाराला तिथे काय असणार ते सांगायला नको. तरी फ्रिजवरचं कालनिर्णय अगदीच वाया नाही, अमावस्या-पौर्णिमा बघा आणि त्यापुढचे दोनतीन दिवस धरा, सगळ्यात मोठ्या भरत्या साधारण तेव्हाच येतात. नेमकी वेळ मात्र टेबलातूनच घ्यायची, अंदाजाने नाही.

आणि हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. काही टेबलं ग्रीनिचच्या वेळेत असतात. मार्चअखेरपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत इथलं घड्याळ तासभर पुढे असतं, त्यामुळे अशा टेबलातल्या वेळेत एक तास मिळवायचा. पण काही टेबलांनी आणि ॲपनी तो आधीच मिळवलेला असतो, आणि तुम्ही हुशारीने परत मिळवलात की गेलात तासभर उशिरा, आणि इथे तासभर उशीर म्हणजे मुख्य खेळ संपलेला. टेबलाच्या वर किंवा खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, वाचा. ज्याच्या हातात टेबल आहे त्याला दोनदा विचारा, तास मिळवलाय का, कोणी मिळवला.

भरतीच्या वेळेच्या दोन तास आधी किनाऱ्यावर. पार्किंगमध्ये नव्हे, किनाऱ्यावर. पार्किंगपासून बघायच्या जागेपर्यंत दोन किलोमीटरच्या वर चाल आहे, गोट्यांवरून पाय भरून येतात, आईबाबा इकडे आले असतील आणि त्यांना न्यायचं असेल तर तेवढा वेळ आणखी धरा आणि घडीचं स्टूल घ्या. म्हणजे साडेसातची भरती असेल तर साडेपाचला जागेवर, त्याआधी पाऊण तास चाल, लंडनहून गाडीचे अडीच तास तरी, करा हिशोब. किंग्ज लिनपर्यंत ट्रेन आहे पण त्या वेळेला उपयोगाची नाही. आदल्या रात्री हन्स्टंटन किंवा लिनला मुक्काम हाच शहाणपणा. संध्याकाळची भरती सोयीची वाटते खरी, पण हा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, इंग्लंडच्या पूर्व बाजूला असूनही, त्यामुळे संध्याकाळी सूर्य सरळ डोळ्यांत आणि पक्षी नुसते काळे. सकाळी सूर्य पाठीशी. वायव्येचा जोराचा वारा असेल तर पाणी टेबलापेक्षा जास्त चढतं, तेही लक्षात असू द्या. ५ डिसेंबर २०१३ च्या वादळी उधाणाने तिथल्या पक्षी बघायच्या झोपड्या, म्हणजे हाईड, मोडून टाकल्या होत्या.

भरतीचा विषय निघालाच आहे तर, चिखलात किंवा खाजणात उतरू नका. फोटोसाठी नको, ‘चार पावलं’ म्हणून नको. पाणी समोरून येतं असं वाटतं पण ते आधी नाळ्यांमधून वळसा घालून तुमच्या मागे आलेलं असतं. कोणी अडकलेलं दिसलं तर ९९९ लावून कोस्टगार्ड मागायचं, स्वतः आत जायचं नाही.

दुर्बीण आठ बाय बेचाळीस, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी. दहापटीची घेऊ नका, वाऱ्यात हात हलतो आणि थवा चौकटीत सापडत नाही. चष्मा असेल तर डोळ्याकडचे रबरी कप आत दाबायचे, हे दुकानात कोणी सांगत नाही आणि लोक वर्षानुवर्षं अर्धंच चित्र बघत बसतात. टेलिस्कोप नसला तरी चालेल, हाईडमधले काका-आजोबा स्वतःहून बघू देतात, गोड बोलावं लागतं इतकंच.

कपडे: उन्हाळा आहे म्हणून फसू नका, वॉशवरचा वारा कानाला लागतो. कानटोपी. जाकीट मळकट रंगाचं, आणि चालताना फर्रफर्र आवाज करणारं नको. बूट नेहमीचे चालायचे.

खाणं तुमचं तुम्ही बघा. फक्त प्लास्टिकच्या पुड्या नकोत, हाईडमध्ये वेफर्सचं पाकीट फोडलंत की सगळे वळून बघतात. तिखटमिठाच्या पुऱ्या डब्यात. बाथरूमची सोय पुढे नाही असं धरूनच निघा.

फोनमध्ये पक्षी ओळखायचं मर्लिन ॲप आणि त्याचा ब्रिटनचा पॅक घरच्या वायफायवर उतरवून ठेवा, तिथे रेंजचा भरवसा नाही. नकाशा हवा तर ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्सप्लोरर २५०. टेबलचा फोटो काढून ठेवा, स्क्रीनशॉट, कारण रेंज नाही. भरतीच्या टेबलचा म्हणतेय.

आता फुलं. याला घाई नाही, थवे तळ्यात बसले की मग बघा, परतीच्या वाटेवर सगळी तिथेच असतात. गोट्यांमध्ये यलो हॉर्न्ड पॉपी शोधा, मोठी पिवळी पातळ पाकळ्यांची फुलं, पानं राखाडी-हिरवी, आणि वीतभर लांब बाकदार शेंगा, एकदा शेंग बघितली की परत चुकायचं नाही. आपल्याकडच्या पिवळ्या धोत्र्याच्याच कुळातली, तोडली की तसाच पिवळा चीक येतो आणि ही पण विषारी, तेव्हा तोडून बघू नका, माझ्या शब्दावर विश्वास ठेवा. व्हायपर्स बग्लॉस निळं, अंगावर काटेरी लव. जांभळा सी लॅव्हेंडर मात्र गोट्यांत नाही, खाजणात, त्यासाठी थॉर्नहॅम किंवा स्टिफ्कीकडे जावं लागेल, जुलै-ऑगस्टमध्ये तिथली आख्खी खाजणं जांभळी असतात.

दहापट भिंग गळ्यात असलं तर उत्तम. नसलं तर दुर्बीण उलटी धरून मोठ्या बाजूने बघायचं आणि छोटी बाजू फुलाच्या अगदी जवळ न्यायची, चक्क भिंग होतं. फोटो काढताना नुसता फुलाचा वरून काढू नका. पान काढा, देठ काढा, फूल उलटं करून मागची हिरवी बाजू काढा, शेंग असेल तर शेंग. घरी येऊन ओळखायला बसलं की फुलापेक्षा ह्याच गोष्टी कामाला येतात. आणि डँडेलियनसारखी दिसणारी पिवळी फुलं सरळ सोडून द्या. कॅट्स-इअर, हॉकबिट, हॉकवीड, सगळी सारखीच, त्यांच्यात पडलात तर दिवस गेला.

घरी पूजेला चार फुलं न्यायची सवय आहे आपल्याला, इथे नको. १९८१ च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड ॲक्टप्रमाणे जागेच्या मालकाला न विचारता कुठलंही रानटी रोप उपटणं गुन्हा आहे, आणि काही दुर्मिळ वनस्पतींचं तर फूलसुद्धा तोडता येत नाही. त्याच कायद्यात ॲव्होसेट, लिटल टर्न, मार्श हॅरियर असल्या पक्ष्यांना घरट्यावर त्रास देणंही गुन्हा. किनाऱ्यावर दोरी बांधलेली असेल तर आत रिंग्ड प्लोव्हरची अंडी असू शकतात, ती गोट्यांच्याच रंगाची असतात, पायाखाली आल्याशिवाय कळत नाहीत. दोरीच्या बाहेरून चाला. फोनवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलवायचं नाही, कोणीतरी ओरडेल आणि बरोबरच ओरडेल.

हिवाळ्यात जाणार असाल तर तेव्हा गुलाबी पायांचे हंस असतात, पिंक-फुटेड गूज, आइसलंड-ग्रीनलंडहून येतात, चिखलावर झोपतात आणि उजाडता उजाडता शेतांकडे निघतात. पण पौर्णिमेच्या उजेडात ते रात्रीच चरायला जातात आणि सकाळचा थवा फुटतो, म्हणून हंस आणि भरती दोन्ही साधायचं तर अमावस्येनंतरचं उधाण निवडा. परत तेच, टेबल आणि कॅलेंडर समोर ठेवून बसा.

दुपार मोकळी असेल तर जवळच डर्सिंगहॅम बॉग आहे, फळ्यांच्या वाटेवरून जाता येतं, दवबिंदूची कीटक खाणारी रोपं दिसतात, कासच्या सड्यावर असतात त्यांची भावंडं, इतकी बारकी की उकिडवं बसावं लागतं. हन्स्टंटनचे लाल-पांढरे कडे, फुल्मार पक्षी, वेळ असेल तर. गवतातून गेलात तर पँट मोज्यात खोचा, रात्री गुडघ्यामागे, काखेत गोचीड बघा, चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, पुढच्या काही आठवड्यांत लाल गोल चट्टा उठला तर जीपीकडे, म्हणजे आपल्या डॉक्टरकडे, जा, लाइम आजार असू शकतो.

गाडी चालवणारा पहाटे तीनला उठलेला असतो, त्याला परतण्याआधी तासभर झोपू द्या.