उतारावर कळणाऱ्या चुका: डोंगरातले बूट घेताना आणि रुळवताना काय टाळावे

दुकानात बूट नेहमीच छान बसतो. गार हवेत, गुळगुळीत फरशीवर, सकाळच्या ताज्या पायाने आणि ऑफिसच्या पातळ मोज्यात चार पावले टाकली की कोणताही बूट आपलाच वाटू लागतो. त्याची खरी परीक्षा होते ती कळसूबाईवरून बारी गावाकडे उतरताना, पाच-सहा तासांच्या चालीने पाय फुगलेले आणि मोजे घामाने भिजलेले असताना. मुंबईहून सह्याद्रीत जाणाऱ्या नवख्या मंडळींबरोबर मी बरीच वर्षे फिरतो आहे, आणि रविवारी संध्याकाळी कसारा स्थानकाचा जिना एकेक पायरी मोजत उतरणारे पाहिले आहेत. त्यांतला जवळजवळ प्रत्येकजण एकच वाक्य म्हणतो: ‘नवीन आहे ना, अजून रुळला नाही.’ हे वाक्य अर्धेच खरे असते. रुळवल्याने बुटाचा ताठपणा जातो. त्याची लांबी आणि त्याचा मूळ आकार बदलत नाही. त्यामुळे चावणाऱ्या बुटाच्या बहुतेक तक्रारींचे मूळ खरेदीच्या दिवशीच सापडते.

नंबर आणि कलबूत

पहिली चूक वेळेची आहे. दिवसभराच्या उभ्या-बसण्याने पाय संध्याकाळपर्यंत थोडा फुगतो, डोंगरात तर अधिकच फुगतो. म्हणून बूट संध्याकाळी घ्यावा आणि ट्रेकला वापरणार तेच जाड मोजे पिशवीत टाकून न्यावेत. दुसरी चूक ‘आठ नंबर दाखवा’ एवढेच सांगून मोकळे होण्याची. आपल्याकडचा नंबर बहुधा ब्रिटिश पद्धतीचा असतो, ज्यात एका नंबराचा फरक इंचाचा तिसरा हिस्सा, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर असतो. युरोपीय पद्धतीत हाच फरक सुमारे पावणेसात मिलिमीटर असतो, आणि पुरुषांचा अमेरिकन नंबर ब्रिटिश नंबराच्या साधारण एकाने पुढे असतो. ऑनलाइन मागवताना हा घोळ फार होतो. त्यापेक्षा कागदावर उभे राहून दोन्ही पायांची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजावी, मोठा निघेल तो पाय धरावा आणि त्या कंपनीचा स्वतःचा तक्ता पाहावा.

मात्र लांबी हा अर्धाच हिशेब झाला. बूट ज्या साच्यावर ओढून शिवतात त्याला कलबूत म्हणतात, आणि प्रत्येक कंपनीचे कलबूत वेगळे असते. आयुष्य चपलेत गेलेल्या पायाचा चवडा पुष्कळदा पसरट असतो, तर परदेशी कलबुतांपैकी बरीच निमुळती असतात. अशा वेळी करंगळी दाबली जाते म्हणून लोक एक नंबर मोठा घेतात, आणि माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच आहे. चवड्याला जागा मिळते हे खरे, पण टाच मोकळी होते, चढणीवर ती दर पावलाला वरखाली घासते आणि उतारावर अख्खा पाय पुढे सरकून अंगठा टोकावर आपटतो. इथे हवा असतो तो रुंद चवड्याचा, त्याच नंबरचा बूट. तो त्या कंपनीकडे नसेल तर दुसऱ्या कंपनीचा पाहावा. बुटातले इनसोल, म्हणजे आतला सुटा तळ, काढून जमिनीवर ठेवावे आणि त्यावर उभे राहावे. करंगळी किंवा चवड्याची कड इनसोलच्या बाहेर गेली, तर तो बूट तुमचा नव्हे.

गेल्या वर्षी भाच्याबरोबर खरेदीला गेलो होतो. त्याने रंग पाहून एक जोडी निवडली, दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, ‘मामा, हाच घेतो. एकदम मस्त बसलाय.’ मी त्याला आधी नाडी सैल सोडायला, बोटे पुढे टेकवायला आणि टाचेमागे तर्जनी घालायला सांगितली. बोट जेमतेम शिरले. मग नाडी घट्ट बांधून दुकानातल्या लाकडी उतारावर खालच्या दिशेला तोंड करून उभे केले आणि जागच्या जागी पाच-सहा वेळा पाय आपटायला लावले. तिसऱ्या आपटीला त्याचा चेहरा बदलला. ‘अंगठा लागतोय रे मामा.’ दुकानात पाच सेकंदांत लागलेला अंगठा दोन हजार पायऱ्यांनंतर काळा-निळा झाला असता, आणि नखाखाली साकळलेले ते रक्त जायला काही महिने लागले असते. असा उतार नसेल तर दुकानाच्या बाहेरचा जिना चालतो. विक्रेता नाराज झाला तरी बिघडत नाही.

कोणत्या डोंगरासाठी?

डोंगरातल्या शिकारीसाठी बनवलेले उंच, जाड चामड्याचे परदेशी बूट हल्ली ऑनलाइन दिसतात आणि रुबाबदार असल्यामुळे भुरळही घालतात. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, तेव्हा इथे त्यांचा उपयोग चालण्यापुरताच. पण ते असे का बनवतात हे समजून घेण्यासारखे आहे. पाऊलवाट सोडून गवताळ उतारावरून आडवे, पाठीवर जड ओझे घेऊन चालायचे तर सोलची कड उतारात रुतावी लागते आणि घोटा मुरगळता कामा नये, म्हणून त्यांचा तळ मुद्दाम ताठ ठेवलेला असतो. सह्याद्रीत आपण बहुतेक वेळा मळलेल्या वाटेवर, कातळात खोदलेल्या पावठ्यांवर आणि लोखंडी शिड्यांवर असतो. तिथे फार ताठ तळ पायाला दगड जाणवूच देत नाही. ओझे पाच-सात किलोंचे आणि मुक्काम एका रात्रीचा असेल तर मध्यम लवचीक, घोट्यापर्यंतचा किंवा त्याहूनही ठेंगणा बूट पुरतो. हिमालयात आठवडाभराची सॅक स्वतः वाहणार असाल, तर गोष्ट वेगळी.

तळाच्या रबराकडे मात्र कोणी पाहत नाही. डोंगरी बुटांना रबराचा खोल खाचांचा तळ आला त्याचे मूळ एका दुर्घटनेत आहे: १९३५ मध्ये आल्प्समध्ये पुंता रासिका शिखराच्या मोहिमेत सहा गिर्यारोहक दगावले, आणि त्यांचा साथीदार असलेल्या व्हिताले ब्रामानी या इटालियन गिर्यारोहकाने अपुऱ्या पादत्राणांचा धडा घेऊन १९३७ मध्ये रबरी तळ तयार केला. अशा तळांवर दिसणारे व्हिब्राम हे कंपनीचे नाव त्याच्याच नावातून आले. खोल खाचा चिखलात आणि घसाऱ्यावर उपयोगी पडतात. ओल्या कातळावर मात्र खाचांपेक्षा रबराचा मऊपणा महत्त्वाचा ठरतो. नखाने दाबून पाहावे. प्लास्टिकसारखा खडखडीत लागणारा तळ जुलैतल्या बेसाल्टवर घसरणारच. शेवाळावर तर कोणताच बूट टिकत नाही, हे लेबल काहीही म्हणत असले तरी ध्यानात ठेवावे.

‘वॉटरप्रूफ’ या शब्दाचेही तसेच. आत पाणी अडवणारे पातळ पटल असलेला बूट ओसरत्या पावसात, दवात आणि बर्फात उत्तम काम देतो. आपल्या पावसाळ्यात मात्र पाणी पोटरीवरून ओघळून बुटाच्या तोंडातून आत येते, ओढ्यात तर गुडघ्यापर्यंत पाय बुडतो, आणि एकदा आत गेलेले पाणी तेच पटल बाहेर जाऊ देत नाही. शिवाय घामाची वाफ बाहेर पडायला बाहेरची हवा कोरडी हवी, आणि जुलैत तेच नेमके नसते. फक्त पावसाळी ट्रेक करणाऱ्याने जाळीचा, लवकर निथळणारा बूट घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात पैसेही वाचतात.

रुळवण्याची घाई आणि आळस

कापडी आणि जाळीचे बूट दोन-चार दिवसांत पायाला सरावतात. जाड चामड्याच्या बुटाला तीन-चार आठवडे द्यावे लागतात. शुक्रवारी घेतलेली जोडी शनिवारी रात्री शेवटच्या कसारा लोकलमध्ये घालून निघणे हा धाडसाचा प्रकार नव्हे. उलट टोकाला घरगुती उपाय करणारे असतात: कोणी बूट गरम पाण्यात भिजवतो, कोणी हेअर ड्रायरने शेकतो, कोणी गॅसशेजारी ठेवतो. उष्णतेने तळ चिकटवलेला गोंद मऊ पडतो आणि चामडे कोरडे होऊन तडकते. बूट नरम होण्याऐवजी सुटतो.

पहिले तीन-चार दिवस बूट फक्त घरात घालावा, ट्रेकचेच मोजे घालून, रोज तासभर. बाहेर न नेलेला, तळाला माती न लागलेला बूट बहुतेक दुकाने बदलून देतात, त्यामुळे शंका असेल तर ती याच काळात फेडून घ्यावी. नंतर इमारतीचे जिने. मुंबईत चढण नाही म्हणणाऱ्यांनी आपल्याच लिफ्टला आठवडाभर सुटी द्यावी. विशेषतः पाठीवर पाण्याच्या बाटल्या भरलेली सॅक घेऊन जिना उतरण्याचा सराव करावा, कारण बोटांना बूट लागतो की नाही हे उतरतानाच कळते. मरीन ड्राइव्हवर रोज फेरी मारून ‘पन्नास किलोमीटर झाले’ असे सांगणारे भेटतात, पण सपाट फुटपाथवर टाचेला आणि बोटांना डोंगरातला ताण बसतच नाही. त्यापेक्षा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, सोमवारची सुटी सोडून, फाटकापासून कान्हेरीपर्यंतचे सहा-सात किलोमीटर चालावे आणि तिथल्या कातळी पायऱ्या दोनदा चढ-उतार कराव्यात. पायाखाली खरा कातळ येतो, आणि काही बिघडलेच तर परत यायला बस आहे.

कुठे चावतो त्यावरून दोष ओळखावा

टाचेला फोड येत असेल, तर बहुधा टाच बुटात उचलली जाते आहे. बूट फेकण्याआधी नाडी पाहावी. घोट्याजवळच्या वळणावर, जिथे पाऊल संपून नडगी सुरू होते, तिथे नाडीला एकाऐवजी दोन पीळ देऊन ओढावे. तो पीळ सुटत नाही, आणि खालचा भाग सैल व वरचा घट्ट असा वेगवेगळा ताण ठेवता येतो. बहुतेकांना हे ठाऊकच नसते आणि ते खालपासून वरपर्यंत सगळे सारखेच आवळतात, मग पावलाच्या वरच्या बाजूला मुंग्या येतात. तशा मुंग्या आल्या, तर दुखणाऱ्या जागेवरची एक फुली वगळून नाडी सरळ वरच्या कडीत न्यावी. उतार सुरू होण्याआधी मात्र थांबून, टाच मागे आपटून, नाडी पुन्हा बांधलीच पाहिजे. अंगठा तरीही लागत असेल आणि नखे नीट कापलेली असतील, तर बूट आखूड आहे. इथे नाडी काही करू शकत नाही. करंगळीच्या कडेला दुखत असेल आणि बूट चामड्याचा असेल, तर चांगला मोची ती जागा कलबुतावर ताणून थोडी फुगवून देतो. कृत्रिम कापडाचा बूट असा ताणत नाही.

फोड येण्याच्या आधी त्या जागी चटका बसल्यासारखी जळजळ सुरू होते. गटाला थांबवायचा संकोच वाटून लोक ती सोसतात आणि पुढच्या अर्ध्या तासात फोड धरतो. जळजळ होताच बूट काढावा, पाय पुसून कोरडा करावा आणि औषधाच्या दुकानात मिळणारी कापडी चिकटपट्टी सुरकुती न पाडता लावावी. सुती मोजे पाणी धरून ठेवतात आणि भिजलेली कातडी लवकर सोलते, म्हणून लोकरी किंवा पॉलिस्टरमिश्रित मोजे वापरावेत आणि एक कोरडी जोडी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावी. मधुमेह असलेल्यांनी फोड स्वतः फोडू नये, डॉक्टरांना दाखवावा.

माळ्यावरचा बूट

मुंबईपुरती एक चूक खास आहे आणि ती बूट न वापरल्याने होते. हिमालयातल्या एका ट्रेकसाठी मी चांगले महागाचे बूट घेतले होते. परतल्यावर ते स्वच्छ पुसून, मूळ खोक्यात घालून माळ्यावर ठेवले आणि रोजच्या भटकंतीला जुनाच जोड वापरत राहिलो. पाच पावसाळ्यांनंतर ते काढले तेव्हा नवेकोरे दिसत होते. रतनगडच्या नेढ्यापासून, म्हणजे कड्यातल्या आरपार भोकापासून, उतरताना उजव्या बुटाचा तळ टाचेकडून सुटला आणि चपलेसारखा फटफट वाजू लागला. शिडीपाशी पोहोचेपर्यंत डाव्याचाही सुटला. सॅकमधल्या जादा नाडीने दोन्ही तळ पावलाभोवती बांधून मी रतनवाडी गाठली. मुलुंड स्थानकाबाहेरच्या मोचीकाकांनी ते हातात घेतले, आतल्या थरावर अंगठा फिरवला आणि बोटाला लागलेला भुगा दाखवला. ‘साहेब, गोंद लावून उपयोग नाही. आतला फोम पिठासारखा झालाय, चिकटवू कशाला?’

त्यांचे निदान अचूक होते. पुष्कळ ट्रेकिंग बुटांच्या तळात पॉलियुरेथेनचा थर असतो आणि हवेतल्या बाष्पामुळे त्याच्या रेणूंचे बंध हळूहळू तुटत जातात. उष्ण, दमट हवेत ही क्रिया वेगाने होते, आणि बंद खोक्यात ओल कोंडते. वापरात असलेला बूट त्यामानाने बरा राहतो. म्हणून ट्रेकनंतर बूट धुऊन, इनसोल आणि नाड्या काढून, आत रद्दीचे कागद कोंबून पंख्याखाली वाळवावेत, कागद ओले झाले की बदलावेत, आणि खोक्याऐवजी वारा लागेल अशा मोकळ्या फळीवर ठेवावेत. बरेच दिवस पडून असलेला बूट मोठ्या ट्रेकला नेण्याआधी दोन्ही हातांनी दुमडून पाहावा. तळाच्या कडेला बारीक भेगा दिसल्या किंवा अंगठ्याने दाबल्यावर भुगा निघाला, तर तो घरीच ठेवावा. हीच तपासणी सेलमध्ये स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या साठ्यातल्या बुटांचीही करावी, कारण दुकानाच्या गोदामातही मुंबईचीच हवा असते.