रस्त्याचं काम निघालंय? ऑफिसला एकेकट्याने गाडी आणणं कमी कसं करायचं

ऑफिससमोरचा मोठा रस्ता दोन वर्षं खोदलेला राहणार अशी नोटीस आली की जवळपास प्रत्येक कंपनीत तेच होतं. एचआरकडून मेल जातो, "कृपया कारपूल करा, पर्यावरण वाचवा", खाली झाडाचं चित्र. आणि पहिल्या सोमवारी सगळे पाऊण तास आधी निघून, एकेका गाडीत एकेक जण, त्याच खड्ड्यापाशी येऊन अडकतात. ऑफिसला येणाऱ्या गाड्या कमी करायचं काम मी बरीच वर्षं करतेय, वेगवेगळ्या ऑफिसांसाठी, आणि तो झाडाचा मेल दिसला की मला खरंच राग येतो, कारण त्यात एकाही माणसाची एकही अडचण सुटलेली नसते.

आधी हिशेब पक्का करा. सिग्नल नसलेल्या मोठ्या रस्त्याच्या एका लेनमधून तासाला फार तर २००० च्या आसपास गाड्या जातात. कामासाठी एक लेन बंद झाली की तेवढी जागा गेली, आणि रस्ता काठोकाठ भरला की वरच्या थोड्याशा गाड्यासुद्धा अख्खी रांग थांबवतात. पण हेच उलट्या बाजूनेही चालतं, त्या भरलेल्या रस्त्यावरून थोड्या गाड्या उचलल्या की रांग हलायला लागते. म्हणून कुणालाही "गाडी सोडा" म्हणू नका, "आठवड्यातून एक दिवस आणू नका" म्हणा. पाचातला एक दिवस प्रत्येकाने सोडला की २० टक्के गाड्या गेल्या, आणि एका दिवसाला माणूस हो म्हणतो. फक्त तो दिवस तुम्ही वाटून द्या, नाहीतर सगळे शुक्रवार धरतात आणि मंगळवारी गेट होतं तसंच तुंबतं.

काम सुरू व्हायच्या निदान महिनाभर आधी तयारी लावा. रस्ता बंद होतो त्या आठवड्यात लोकांची रोजची सवय तशीही मोडलेली असते आणि तेव्हाच ती नवीन काहीतरी करून बघतात. लंडनमध्ये फेब्रुवारी २०१४ मध्ये मेट्रोचा दोन दिवसांचा संप झाला, लोकांना नाइलाजाने दुसरे रस्ते शोधावे लागले, आणि संप मिटल्यावरही साधारण ५ टक्के प्रवासी त्या नव्या रस्त्यानेच जात राहिले, कारण तो त्यांना जास्त सोयीचा निघाला होता आणि इतकी वर्षं कुणी बघितलंच नव्हतं. ती संधी तुम्हाला एकदाच मिळते. तीन आठवडे उशीर केलात तर लोकांनी आपापला वेडावाकडा शॉर्टकट शोधून ठेवलेला असतो आणि मग ती ऐकत नाहीत.

सर्व्हे घ्या, पण तीनच प्रश्नांचा: कुठल्या बाजूने येता, ऑफिसातून किती वाजता निघता, आणि गाडी घरी ठेवायची म्हटलं तर सगळ्यात आधी काय आडवं येतं. चाळीस प्रश्नांचा फॉर्म कुणी मनापासून भरत नाही. घरचा पत्ता विचारू नका, जवळचा चौक किंवा स्टॉप विचारा, तेवढं पुरतं, आणि आपला पत्ता ऑफिसभर फिरणार या धास्तीने निम्म्या बायका फॉर्मच भरत नाहीत हे मी स्वतः बघितलंय.

घरून काम करता येणाऱ्यांना ठरलेल्या दिवशी घरूनच करू द्या. एवढंच.

पार्किंगचं मात्र धीटपणे करा. पार्किंग फुकट ठेवायचं आणि वर कारपूलची पोस्टरं लावायची, हे म्हणजे एका हाताने ढकलायचं आणि दुसऱ्या हाताने ओढायचं. कॅलिफोर्नियात १९९२ मध्ये कायदा झाला, त्यानुसार ठरावीक कंपन्यांनी, पार्किंग न वापरणाऱ्या माणसाला त्या जागेच्या किमतीएवढे पैसे रोख द्यायचे. डोनाल्ड शूप या प्राध्यापकांनी तिथल्या आठ कंपन्यांचा अभ्यास केला तेव्हा एकट्याने गाडी आणणाऱ्यांचं प्रमाण ७६ टक्क्यांवरून ६३ वर आलेलं दिसलं. कुणाला दंड नाही, कुणाची जागा काढून घेतलेली नाही. तुम्हाला रोख देणं जमत नसेल तर निदान महिन्याचा पास बंद करून रोजच्या रोज पैसे घ्या, कारण महिन्याचे पैसे आधीच भरलेत म्हटल्यावर माणूस ते वसूल करायला रोज गाडी काढतो. आणि गेटजवळच्या जागा तिघं-चौघं मिळून येणाऱ्या गाड्यांना द्या, साहेब लोकांना नको.

आता जिथे बहुतेक ठिकाणी सगळं फसतं ती गोष्ट, आणि इथे मी स्वतः तोंडघशी पडलेय.

लोकं गाडी सकाळसाठी आणत नाहीत, संध्याकाळसाठी आणतात. सकाळी कसंही येता येतं, कुणाच्या मागे बसून, बसने, शेजाऱ्याबरोबर. पण दुपारी शाळेतून फोन आला तर? सहाला निघायचं होतं आणि बॉसने साडेसातपर्यंत थांबवलं, ज्याच्याबरोबर जायचं तो निघून गेला, तर? हे "तर" डोक्यात असतं म्हणून ती गाडी रोज पार्किंगमध्ये दहा तास उभी असते. तिचा उपयोग इन्शुरन्सच्या पॉलिसीसारखा आहे. ती पॉलिसी तुम्ही दिलीत तरच लोकं गाडी सोडतील, म्हणजे परतीची हमी: त्या दिवशी गाडी न आणलेल्या माणसाला अचानक निघावं लागलं किंवा कामामुळे उशीर झाला तर घरी पोचवायचा खर्च कंपनीचा.

पहिल्या वेळी मी ही हमी दिली आणि तिला मॅनेजरची मंजुरी लावली. मला वाटलं पैसे कंपनीचे आहेत, कुणीतरी सही करायला हवी. दुसऱ्याच आठवड्यात अकाउंट्समधल्या एका बाईंना दुपारी दोनच्या सुमारास पाळणाघरातून फोन आला, मुलाला ताप चढलाय. त्यांनी मेल टाकला, मॅनेजर मीटिंगमध्ये, त्या पर्स खांद्याला लावून लिफ्टपाशी उभ्या, दर मिनिटाला फोन बघतायत, पाळणाघरातून परत फोन आला तो त्यांनी उचलला आणि "निघतेय, निघतेय" म्हणाल्या, आणि निघता येत नव्हतं. पन्नास मिनिटांनी मंजुरी आली. दुसऱ्या दिवशी त्या स्वतःची गाडी घेऊन आल्या. त्यांच्या कारपूलमधले बाकी तिघंही आपापली गाडी घेऊन आले, कारण त्यांनी ते लिफ्टपाशी उभं राहणं बघितलं होतं. त्यानंतर मी कितीही समजावलं तरी त्या मजल्यावरची लोकं परत जुळली नाहीत.

म्हणून आता माझे नियम ठरलेले आहेत आणि यात मी तडजोड करत नाही. मंजुरी कुणाचीही नाही. माणूस स्वतः कॅब बुक करेल, निघेल, आणि बिल नंतर देईल. कारण विचारायचं नाही, "घरची अडचण" एवढं पुरे. वर्षाला पाच-सहा वेळा अशी मर्यादा घाला हवी तर, पण बॉसने थांबवून घेतलं असेल तर ती खेप त्यात धरायची नाही, तो खर्च त्या खात्याच्या नावावर टाका, म्हणजे खातेप्रमुख आपोआप वेळेवर सोडायला लागतात. आधीपासून ठरलेली डॉक्टरची अपॉइंटमेंट वगैरे यात येत नाही, हे मात्र पहिल्या दिवशीच स्पष्ट सांगा. सगळे नियम फोनच्या एका स्क्रीनवर मावले पाहिजेत, चार पानांची पॉलिसी बनवलीत तर लोकं ती न वाचताच समजतात की यात काहीतरी गोम आहे.

फायनान्सवाले म्हणतील लोकं गैरफायदा घेतील. घेत नाहीत. अशा योजनेत नाव नोंदवलेल्यांपैकी फार थोडी लोकं ती प्रत्यक्षात वापरतात, खर्च अगदी किरकोळ होतो, बहुतेकांना ती फक्त आहे हे माहीत असायला हवं असतं. आणि पहिल्या महिन्यात कुणी वापरली तर त्यांच्या परवानगीने ते सगळ्यांना सांगा, "काल चार वाजता एक जण असा गेला, पैसे तिसऱ्या दिवशी खात्यात". एका खऱ्या खेपेने जे काम होतं ते पोस्टरने होत नाही.

याच्याच जोडीला एक बंदी घाला, शेवटच्या अर्ध्या तासात कुणीही मीटिंग लावायची नाही. साडेपाचची मीटिंग सहा वाजता निघणारी चार माणसांची गाडी मोडते, आणि एकदा मोडली की मोडली.

जोड्या लावताना घर कुठे आहे यापेक्षा रस्ता कुठला धरतात ते बघा, आणि येण्याची नाही तर निघण्याची वेळ जुळवा. कामाच्या वेळा लवचिक करायच्या असतील तर जरूर करा, गर्दी पसरते, पण प्रत्येकाला रोज वेगळी वेळ दिलीत तर कारपूल टिकणार नाही, त्यामुळे एकदा निवडलेली वेळ महिनाभर तीच. अ‍ॅपवर नावं टाकून सोडू नका. एका बाजूने येणाऱ्या सात-आठ जणांना एका खोलीत पंधरा मिनिटं बसवा, तोंडओळख होऊ द्या, गाडीत गाणी कुणाची आणि किती मिनिटं थांबायचं हे त्यांनाच ठरवू द्या. बायकांना फक्त बायकांचा ग्रुप हवा असेल तर कारण न विचारता तो पर्याय ठेवा.

एका बाजूने दहा-बारा जण निघाले तर कारपूलच्या मागे लागू नका, व्हॅन लावा. थ्री एम कंपनीने अमेरिकेत १९७३ मध्ये हेच केलं, कर्मचाऱ्यांपैकीच एक जण व्हॅन चालवायचा आणि बाकीच्यांना घेऊन यायचा, आणि अशा व्हॅन तिथे आजही चालतात.

काम सुरू झाल्यावर रस्त्याच्या कंत्राटदाराच्या ऑफिसात ओळख काढा. दर टप्प्याला वळण बदलतं, आणि ते तुम्हाला आदल्या दिवशी कळलं पाहिजे. एकाच माणसाने, एकाच ग्रुपवर, संध्याकाळी पाचच्या आत, दोन ओळी: उद्या कुठली लेन बंद, कुठून वळायचं. जास्त लिहाल तर कुणी वाचणार नाही.

आणि मोजायचं असेल तर गेटवर मोजा. सर्व्हेत लोकं चांगलं वाटावं म्हणून काहीही लिहितात. सिक्युरिटीला एक वही द्या, आत येणारी प्रत्येक गाडी, आत किती माणसं, मंगळवार ते गुरुवार, कारण सोमवार-शुक्रवारी रजा आणि घरून काम यांनी आकडा फिरतो. पहिली मोजणी रस्ता बंद व्हायच्या आधीच करून ठेवा, मी एकदा ती विसरले होते आणि वर्षभर माझ्याकडे तुलना करायला काहीच नव्हतं. रस्ता पूर्ण उघडला की सगळ्यात आधी फायनान्सवाले परतीची हमी बंद करायला येतील, तेव्हा ती वही त्यांच्यासमोर ठेवा.