रिम बदलताय, गाडी खाली घेताय? या चुका टाळा

गाडी जॅकवर असताना सगळंच बसतं. चाक हाताने फिरवलं की गरगर फिरतं, कुठे घासत नाही, फोटोही झकास येतो. खरी परीक्षा होते ती गाडी जमिनीवर उतरल्यावर, चार माणसं आत बसल्यावर आणि स्टेअरिंग पूर्ण वळलेलं असताना एखादं चाक खड्ड्यात गेल्यावर.

माझ्या फोक्सवॅगन व्हर्टसला पहिल्यांदा सतरा इंची रिम आणि गाडी ४० मिमी खाली घेणाऱ्या स्प्रिंगा बसवल्या, तेव्हा दुकानात कुणी हे तपासलं नाही आणि मीही विचारलं नाही. आठवड्याभरात घरच्यांना घेऊन वणीला निघालो. गडाच्या घाटात मागून खर्रखर्र आवाज यायला लागला. वर पोचून खाली वाकून पाहिलं, तर मागच्या दोन्ही टायरांच्या बाहेरच्या खांद्यावरचं रबर आर्चच्या, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या कमानीच्या, कडेने सोललं होतं. मागच्या सीटवर आई बसलेली होती. उतरताना गाडी किती हळू चालवली ते मला अजून आठवतं.

त्यानंतर मी सगळं उतरवून पुन्हा मोजून बसवलं, आणि पुढे ओळखीच्या पाच-सहा जणांच्या गाड्याही. चुका त्याच त्याच सापडतात. बहुतेक चुकांचं मूळ एकच असतं: गाडी हवेत असताना घेतलेला निर्णय.

रिम फोटोवरून निवडणं

रिमवर चार आकडे महत्त्वाचे: पीसीडी, मधल्या भोकाचा व्यास, रुंदी आणि ऑफसेट. पीसीडी म्हणजे बोल्टच्या भोकांचं वर्तुळ. व्हर्टस आणि स्लाव्हियाचं ५×१००, ऑक्टाव्हियाचं ५×११२, सिव्हिकचं ५×११४.३. जुन्या बीएमडब्ल्यू थ्री सिरीजचं ५×१२० होतं, सध्याच्या जी२० पिढीत ते ५×११२ झालं. इथे सगळ्यात घातक जोडी ११२ आणि ११४.३ ची, कारण फरक जेमतेम सव्वादोन मिमीचा. जोर लावला की बोल्ट आत जातो, पण तिरपा बसतो आणि चालता चालता सैल होतो. असं 'बसवून देणारा' भेटला तर रिम परत करा आणि तिथून निघा.

मधलं भोक हा दुसरा सापळा. फोक्सवॅगन-स्कोडाच्या हबचा, म्हणजे रिम ज्यावर बसते त्या मधल्या भागाचा, व्यास ५७.१ मिमी असतो. बाजारातल्या रिमला अनेक गाड्यांना चालावं म्हणून भोक मोठं ठेवतात, बऱ्याचदा ७३.१. मधली पोकळी भरायला हब रिंग लागते. ती स्वस्त असते आणि हमखास विसरली जाते. मग ८०-१०० च्या वेगाला स्टेअरिंग थरथरतं, मालक तीन वेळा बॅलन्सिंग करून येतो आणि थरथर तशीच राहते.

ऑफसेटचं गणित मात्र स्वतः करा, दुकानावर सोडू नका. ऑफसेट, म्हणजे रिमवर ईटी लिहून पुढे येणारा आकडा, हा रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारी बाजू किती मिमी बाहेर आहे ते सांगतो. समजा मूळ रिम ६.५ इंच रुंद, ईटी ४०. नवी ८ इंच, ईटी ३५. रुंदी दीड इंचाने म्हणजे ३८ मिमीने वाढली. त्यातली निम्मी, १९ मिमी, बाहेर आणि १९ आत. ऑफसेट ५ ने कमी झाल्यामुळे अख्खी रिम आणखी ५ मिमी बाहेर सरकली. म्हणजे बाहेरची कड २४ मिमी बाहेर गेली आणि आतली कड शॉकअपकडे १४ मिमी सरकली. आता गाडीपाशी जाऊन उभ्या गाडीवर पट्टीने मोजा: आर्चपर्यंत किती जागा आहे, आत शॉकअपपर्यंत किती आहे. वणीच्या रस्त्यावर माझे टायर सोलले गेले ते याच दोन ओळींच्या गणिताअभावी.

कमी पडलेली जागा स्पेसर (हब आणि रिममधली चकती) घालून जुळवायची असेल तर नीट विचार करा. हबवर नुसता सरकवायचा ५ मिमीचा स्पेसर बोल्टची पकड ५ मिमीने खातो आणि हबचा रिमला असलेला आधारही कमी करतो. लांब बोल्ट आणि हबवर नेमका बसणारा स्पेसर नसेल तर तो घालूच नका.

अठरा इंचाचा मोह

मूळ टायर २०५/५५ आर१६ असेल तर साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची सुमारे ११३ मिमी. २१५/४५ आर१७ ला ती ९७ होते, २१५/४० आर१८ ला ८६. चाकाचा एकूण व्यास तिन्हींचा जवळपास सारखाच, १ टक्क्याच्या आतबाहेर, म्हणून स्पीडोमीटर फारसा चुकत नाही. पण खड्डा आणि रिम यांच्यामधलं रबर २७ मिमीने घटतं. सिंहस्थाच्या कामांसाठी नाशिक शहरात जागोजागी खोदलेले रस्ते, पावसाळ्यात द्वारकेपासून पाथर्डी फाट्यापर्यंत पाण्याखाली लपलेले खड्डे, हे सगळं पाहता सोळा इंची गाडीवर नाशिकात सतरा ही माझ्या मते शेवटची पायरी. अठरावर गेलेल्या ओळखीच्या दोन गाड्यांच्या रिमा एकाच पावसाळ्यात वाकल्या.

टायर घेताना लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा, बघायचा राहून जातो. मूळ टायरवर ९१ असेल तर त्याची क्षमता ६१५ किलो. २१५/४५ आर१७ मध्ये साधा टायर ८७ चा मिळतो, म्हणजे ५४५ किलो. त्याच मापात ९१ चा एक्सएल (जादा भाराचा) टायर येतो. तोच घ्या आणि हवा थोडी वाढवून ठेवा, कारण एक्सएल टायर तेवढंच वजन पेलायला जास्त हवा मागतो. समृद्धीवर १२० ने जाणाऱ्या भरल्या गाडीच्या टायरात हवा कमी असेल तर साइडवॉल तापून फुटते. स्वस्त नक्कल रिमबद्दल एवढंच सांगतो: मागच्या बाजूला भारक्षमता किलोत कोरलेली नसेल तर ती रिम घरी आणू नका.

स्प्रिंग कापणं

हे अजूनही होतं. ग्राइंडरने दीड वेढा कापला, गाडी खाली आली, काही शे रुपयांत काम झालं. काही जण तर गॅसने तापवून स्प्रिंग बसवतात. तापवलेल्या स्प्रिंगचं पाणी उतरतं आणि ती पुढे खचतच राहते. कापलेल्या स्प्रिंगचा धोका वेगळा. एका बाजूचं चाक खड्ड्यात लोंबलं की आखूड स्प्रिंग आपल्या बैठकीतून सैल होते आणि गाडी परत बसताना वेडीवाकडी अडकते. घाटात असं झालं तर सावरायला वेळ मिळत नाही. कापलेली स्प्रिंग असलेली गाडी मी चालवत नाही, आणि मित्रांनाही चालवू देत नाही.

कितीने खाली घ्यायची? व्हर्टसचा ग्राउंड क्लिअरन्स कंपनी १७९ मिमी सांगते, पण तो रिकाम्या गाडीचा. ४० मिमीची स्प्रिंग बसवली की १३९ उरले. चार माणसं आणि डिकीत सामान आलं की गाडी आणखी तीन-चार सेंटीमीटर बसते, म्हणजे हातात उरले शंभर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक १० सेमी उंच आणि ३.७ मीटर रुंद, गोलसर असावा. आपल्या कॉलन्यांतले त्याहून अरुंद आणि टोकदार असतात. मखमलाबादकडच्या एका गतिरोधकावर माझ्या गाडीचं पोट टेकायचं, ते याच हिशोबाने.

पोटाहून जास्त काळजी सस्पेन्शनच्या चालीची करा. चाकाला वर जायला समजा ८० मिमी जागा आहे. गाडी ४० खाली घेतली की निम्मी संपली. उरलेली संपली की शॉकअप रबरी स्टॉपरवर आपटतो. सरळ रस्त्यावर नुसता दणका बसतो, पण कसाऱ्याच्या वळणात असं झालं तर त्या चाकाची पकड एकदम सुटते. म्हणूनच चांगल्या कंपनीच्या स्प्रिंगा मूळ स्प्रिंगपेक्षा कडक असतात आणि स्टॉपर किती कापायचा हे त्यांच्या कागदावर लिहिलेलं असतं. तो कागद वाचा. २५ मिमीपर्यंत चांगल्या स्थितीतले मूळ शॉकअप निभावतात. त्याखाली जायचं तर शॉकअपही जोडीचे हवेत, नाहीतर गाडी होडीसारखी डुलते आणि वर्षभरात शॉकअप तेल सोडतो. मी ४० वरून २५ वर आलो. दिसायला फरक थोडाच पडला, पण आता चौघं बसूनही कुठे टेकत नाही.

एक गोष्ट फिटरही फारशी बोलत नाहीत. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेली रचना) असलेली गाडी फार खाली आणली की चाकाला गाडीशी जोडणारा खालचा आर्म आडवा राहत नाही, बाहेरच्या टोकाला वर चढतो. मग गाडीचा रोल सेंटर, म्हणजे वळणात गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो, गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातो आणि खाली घेतलेली गाडी वळणात उलट जास्त झुकायला बघते. 'खाली घेतली पण मजा गेली' अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मी आधी आर्मचा कोन बघतो.

बुश हवेत असताना आवळणं

मला सगळ्यात जास्त सापडणारी चूक हीच, आणि बाहेरून ती दिसतही नाही. बुश म्हणजे आर्मच्या सांध्यातली रबरी गादी. कंट्रोल आर्मच्या बुशमधलं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. ते फिरत नाही, पिळलं जातं. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबत असताना त्या बुशचा बोल्ट पूर्ण आवळला, तर रबराची 'सरळ' स्थिती लोंबत्या चाकाची ठरते. गाडी जमिनीवर आली की ते रबर कायमचं पिळलेलं राहतं. काही महिन्यांत चिरतं, आणि तोवर गाडीची उंचीही नेमकी बसत नाही.

करायचं असं: बोल्ट नुसते टेकवून ठेवा, गाडी रॅम्पवर किंवा पिटवर स्वतःच्या वजनावर उभी करा, पुढेमागे थोडी ढकला आणि मग टॉर्क पान्याने शेवटचा आवळा द्या. फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांत यातले बरेच बोल्ट एकदाच वापरायचे असतात. ताणून आवळलेले असल्यामुळे ते पुन्हा तेवढी पकड देत नाहीत. नव्या बोल्टचे पैसे आधीच धरा. स्ट्रट उघडलाच आहे तर वरचा माउंट आणि बेअरिंगही बदला, मजुरी तीच लागते. स्प्रिंग दाबायचं काम घरी अंगणात करू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात मोडतो, कधी जीवही जातो.

काम सुरू करण्याआधी चारही कोपऱ्यांत हबच्या मध्यापासून आर्चच्या कडेपर्यंतचं अंतर लिहून ठेवा. जमिनीपासून मोजलेल्या उंचीत टायर आणि हवा यांचा फरक मिसळतो, हबपासूनच्या मापात तो येत नाही. काम झाल्यावर पुन्हा मोजा. डाव्या-उजव्यात ५-७ मिमीहून जास्त फरक दिसला तर कुठेतरी स्प्रिंगचं टोक खाचेत बसलेलं नाही.

घासतंय का, ते रस्त्यावर जाण्याआधी बघा

मागे दोन माणसं बसवा. एका पुढच्या चाकाखाली आणि त्याच्या तिरक्या समोरच्या मागच्या चाकाखाली लाकडी ठोकळे ठेवून गाडी चढवा. स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा. लायनरच्या (आर्चच्या आतल्या प्लास्टिकच्या) आतून खडू फासून ठेवला असेल तर टायरवर उमटलेली खूण सांगते कुठे लागतं ते. या कामाला अर्धा तास लागतो.

आवाज आणि थरथर: कुठे बघायचं

थरथर फक्त स्टेअरिंगमध्ये असेल तर बहुधा पुढची चाकं: हब रिंग, बॅलन्सिंग, वाकलेली रिम. सीटमध्ये जाणवत असेल तर मागची. पुढची चाकं मागे टाकून बघा. थरथर जागा बदलते का ते लगेच कळतं.

जागेवर स्टेअरिंग फिरवताना 'टण्ण' असा तार सुटल्यासारखा आवाज येतो तो स्ट्रटच्या वरच्या बेअरिंगचा किंवा चुकीच्या बसलेल्या स्प्रिंगचा. बारीक खडबडीवर 'टक-टक' होत असेल तर आधी अँटीरोल बारच्या (वळणात झुकाव कमी करणाऱ्या दांड्याच्या) लिंक रॉडचे नट बघा. माझ्याकडे आलेल्या तक्रारींत निम्म्या वेळा तेच सैल निघाले.

टायर आतून झिजत असेल तर सगळे कॅम्बरला, म्हणजे चाकाच्या आत-बाहेर झुकण्याला, दोष देतात. कॅम्बरने झिजतं खरं, पण टायर झपाट्याने खातो तो बिघडलेला टो, म्हणजे चाकाचं तोंड आत किंवा बाहेर वळलेलं असणं. उंची बदलली की टो बदलतो, म्हणून अलाइनमेंट अनिवार्य. तीही त्याच दिवशी करून थांबू नका. स्प्रिंगा १५०-२०० किलोमीटरमध्ये बसतात. तेव्हा पुन्हा करा आणि आधी-नंतरचे आकडे छापलेला कागद मागून घ्या. व्हर्टस, स्लाव्हियासारख्या ट्विस्ट बीमच्या (मागची दोन्ही चाकं एकाच आडव्या तुळईने जोडलेल्या) गाड्यांत मागचा कोन फिरवायला बोल्टच नसतो. तिथे 'मागचंही करून दिलं' असं कुणी म्हणालं, तर काय केलं ते दाखवायला सांगा.

रात्री समोरून येणारे गाडीवाले तुम्हाला दिवे मारायला लागले तर हेडलाइटची उंची तपासून घ्या. आपोआप उंची जुळवणारे दिवे असतील तर त्यांचा सेन्सर नव्या उंचीला कॅलिब्रेट करावा लागतो.

कागदपत्रं

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. कलम १८२ए नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. खर्च करण्याआधी पेठ रोडच्या आरटीओत विचारा. तुमच्याच मॉडेलच्या वरच्या प्रकारात कंपनी जे टायरचं माप देते ते निवडणं सर्वांत सुरक्षित. विमा कंपनीला लेखी कळवा. न कळवलेला बदल अपघातानंतर दावा अडवायला पुरेसा ठरतो.

बोल्ट

फोक्सवॅगन-स्कोडाच्या मूळ बोल्टची बैठक गोल असते, बाजारातल्या बहुतेक रिमना शंकूच्या आकाराची लागते. गोल बोल्ट शंकूच्या भोकात फक्त एका कडेवर टेकतो. आवळल्यासारखा वाटतो आणि सुटतो. रिमसोबत तिच्याच बैठकीचे, पुरेशा लांबीचे बोल्ट घ्या. हाताने लावताना आठ-नऊ पूर्ण फेरे मिळाले पाहिजेत. इम्पॅक्ट गनने ठोकू देऊ नका. या गाड्यांना १२० न्यूटन-मीटरचा टॉर्क असतो, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. ८०-१०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा टॉर्क पाना लावा.

आणि जुने गोल बैठकीचे बोल्ट फेकू नका. स्टेपनी अजून मूळ रिमवरच आहे, तिला तेच लागतात. इगतपुरीच्या पावसात रात्री पंक्चर झालं आणि हातात फक्त शंकूचे बोल्ट असले तर स्टेपनी असून उपयोग नाही. पाच बोल्ट एका कापडी पिशवीत घालून स्टेपनीच्या खळग्यातच ठेवून द्या.