स्क्रिप्टची ईएक्सई फाइल लहान करताना: नागपुरात सुरुवात करणाऱ्यांसाठी

नागपुरात कोडिंग शिकलेल्या प्रत्येकाची सुरुवात मिहानमधल्या कंपनीत होत नाही. कित्येकांचं पैसे मिळवून देणारं पहिलं काम इतवारीतल्या ठोक व्यापाऱ्याचं असतं, नाहीतर कळमन्यातल्या अडत्याचं किंवा वाडीच्या एखाद्या ट्रान्सपोर्ट ऑफिसचं. एक्सेलमधून वजन-भाव उचलायचे, शेतकऱ्याची पट्टी (विक्रीच्या हिशेबाची पावती) तयार करायची, प्रिंट काढायची. पायथनमध्ये हे काम शंभर-दीडशे ओळींत होतं. पण गाळ्यावरच्या कॉम्प्युटरवर पायथन नसतं, आणि ते टाकायला सांगणं बरोबरही नाही. मग आपण पायइन्स्टॉलर (स्क्रिप्टची ईएक्सई, म्हणजे विंडोजवर थेट चालणारी फाइल, बनवणारं साधन) चालवतो, आणि काही केबीच्या स्क्रिप्टची दोन-तीनशे एमबीची ईएक्सई समोर येते. मी अशीच कामं करतो. नव्या मुलांचा मला सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच असतो: "दादा, फाइल एवढी मोठी कशी झाली?"

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. पायइन्स्टॉलर तुमच्या स्क्रिप्टचं मशीन कोडमध्ये रूपांतर करत नाही. स्क्रिप्टचा बाइटकोड (पायथनला समजणारं तिचं रूप), तो चालवणारा पायथनचा इंटरप्रिटर, लागणाऱ्या डीएलएल (विंडोजच्या सहायक कोड-फाइली) आणि तुम्ही इम्पोर्ट केलेल्या लायब्ररी, असं सगळं तो एकत्र बांधतो. या बोजात तुमचा कोड नावापुरताच असतो. म्हणून कोडच्या ओळी कमी करून फाइल लहान होत नाही. आत काय काय शिरलंय, ते बघावं लागतं.

हे बघायची सोय पायइन्स्टॉलरनेच दिली आहे, पण फार कमी लोक तिकडे वळतात. बिल्ड झाल्यावर 'बिल्ड' फोल्डरमध्ये 'एक्सरेफ' नावाने सुरू होणारी एक एचटीएमएल फाइल तयार होते. ती ब्राउझरमध्ये उघडा. कोणतं मॉड्यूल कोणी आत ओढलं, ते त्यात नावानिशी लिहिलेलं असतं. पट्टीच्या स्क्रिप्टमध्ये समजा फक्त पांडाज (तक्त्यांवर काम करणारी लायब्ररी) इम्पोर्ट केलंय, तेही एक्सेल वाचायच्या एका ओळीसाठी. पांडाजने नमपाय (आकडेमोडीची लायब्ररी) आणलं. मशीनवर मॅटप्लॉटलिब असेल तर ग्राफ काढायच्या भागासाठी तेही आलं. मॅटप्लॉटलिबच्या मागे पायक्यूटी (खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी) येऊ शकतं. पट्टीत ग्राफ एकही नाही, तरी ग्राफ काढायचं सगळं सामान गाळ्यावर पोचलं! फंक्शनच्या आत लिहिलेले, कधीच न चालणारे इम्पोर्टही पायइन्स्टॉलर धरतो, कारण ते चालणार की नाही हे त्याला आधी कळत नाही.

म्हणून सगळ्यात मोठा फरक पडतो तो स्वच्छ व्हेन्वमुळे, म्हणजे एका कामापुरत्या वेगळ्या ठेवलेल्या पायथनच्या फोल्डरमुळे. क्लासमध्ये बहुतेकांना अॅनाकोंडा (ढीगभर लायब्ररींसकट येणारं पायथन) टाकून दिलेलं असतं. शिकायला ते उत्तम आहे, पण त्यातूनच बिल्ड केलं तर विंडोजवर नमपायसोबत इंटेलच्या एमकेएल या गणिती लायब्ररीच्या भल्यामोठ्या डीएलएल येतात. त्याऐवजी पायथनच्या अधिकृत साइटवरून साधं पायथन घ्या, कामाचा नवा व्हेन्व बनवा आणि त्यात पायइन्स्टॉलर व लागतील तेवढ्याच लायब्ररी पिपने टाका. कोडला हात न लावता फाइल बऱ्याचदा निम्म्याहून खाली येते.

त्यानंतर स्वतःला विचारा, पांडाज खरंच हवंय का? काही शे ओळींचं शीट वाचायला ओपनपायएक्सेल ही एक्सेलपुरती लायब्ररी पुरते, आणि सीएसव्ही असेल तर पायथनसोबत येणारं सीएसव्ही मॉड्यूल. व्हेन्व स्वच्छ का हवा, ते इथे पुन्हा दिसतं: नमपाय, पिलो किंवा एलएक्सएमएल या लायब्ररींपैकी काही शेजारी सापडलं, तर ओपनपायएक्सेल त्यांचाही वापर करतं, आणि मग तीही बांधली जातात. एक अडचण मात्र हमखास येते. जुन्या काट्याच्या सॉफ्टवेअरमधून निघालेली फाइल कधी जुन्या एक्सएलएस प्रकारची असते, आणि ती ओपनपायएक्सेलला वाचता येत नाही. तिथे एक्सएलआरडी वापरा, तेही लहानच आहे. स्क्रीनवर दोन बटणं आणि एक यादी एवढंच हवं असेल, तर पायक्यूटीऐवजी पायथनसोबतच येणारं टीकेइंटर घ्या. दिसायला साधं आहे, पण मुनीमजींना तेच सोपं जातं.

एवढं करूनही काही नको असलेलं उरलं, तर 'एक्सक्लूड-मॉड्यूल' हा पर्याय आहे. तो जपून वापरा. काढलेलं मॉड्यूल लागत होतं, हे बिल्ड करताना कळत नाही. ते कळतं प्रोग्रामची ती वाट चालते तेव्हा, म्हणजे अगदी भर लिलावात, प्रिंटचं बटण दाबल्यावर. त्यामुळे पायथन नसलेल्या दुसऱ्या मशीनवर प्रत्येक बटण दाबून बघितल्याशिवाय फाइल देऊ नका.

यूपीएक्स या फाइल दाबून लहान करणाऱ्या साधनाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: ग्राहकाला द्यायच्या फाइलवर ते वापरू नका. ते डीएलएल दाबून लहान करतं हे खरं, पण पॅक केलेल्या ईएक्सईवर अँटिव्हायरस लगेच संशय घेतात, आणि काही डीएलएल दाबल्यावर बिघडतातही. दहा-वीस एमबी वाचवायला जाऊन "तुमच्या प्रोग्रामात व्हायरस आहे" असा फोन आला, तर तो विश्वास परत मिळवणं फार कठीण जातं. यूपीएक्स मशीनच्या पाथवर असेल तर पायइन्स्टॉलर ते आपोआप उचलतो, म्हणून 'नोयूपीएक्स' लिहूनच बिल्ड करा. फाइलींतली जादा माहिती काढणाऱ्या 'स्ट्रिप' पर्यायाचंही तसंच, विंडोजवर ते टाळलेलं बरं.

'वनफाइल' (सगळं एका फाइलीत) की 'वनडिर' (सगळं एका फोल्डरमध्ये), हा प्रश्न आकाराचा वाटतो, पण खरा प्रश्न वेगाचा आहे. वनफाइलमध्ये सगळं एका ईएक्सईत दाबलेलं असतं आणि दरवेळी सुरू होताना ते टेम्प फोल्डरमध्ये उलगडतं. जुन्या हार्ड डिस्कच्या मशीनवर त्याला इतका वेळ लागतो की माणूस पुन्हा पुन्हा डबल-क्लिक करतो. मी वनडिर घेतो आणि इनो सेटअप या साधनाने त्याचा इन्स्टॉलर बनवतो. त्याचं एलझेडएमए कॉम्प्रेशन चांगलं असल्याने डाउनलोड लहानच राहतो. शिवाय पुढे अडत किंवा हमालीचा दर बदलला आणि लायब्ररी व पायथन तेच असतील, तर नुसती नवी ईएक्सई बदलून भागतं. "भाऊ, ते पुन्हा सगळं टाकावं लागते का?" याला "नाही" म्हणता येतं, याचं मोल मोठं आहे. जीमेल ईएक्सई अडवतं, झिपमध्ये घातली तरी. त्यामुळे ड्राइव्हची लिंक किंवा पेन ड्राइव्ह वापरा.

गाळ्यावर विंडोज ७ असेल तर आकाराच्या आधी आवृत्ती बघा. विंडोज ७ वर चालणारी पायथनची शेवटची मालिका ३.८ आहे. मशीन ३२ बिटचं असेल तर बिल्डही ३२ बिट पायथनमधूनच करावं लागतं.

हे काम बायोडेटात जरूर लिहा, आणि नीट लिहा. 'पायथन येतं' असं सगळेच लिहितात. तुम्ही लिहा की सुरुवातीला फाइल किती होती, त्यात काय सापडलं, काय काढलं आणि शेवटी किती राहिली. मुलाखत घेणारा यावर प्रश्न विचारतो, आणि उत्तर तुमच्या हातचं असतं. मोठ्या कंपनीतही हीच नजर कामी येते: एडब्ल्यूएस लॅम्ब्डामध्ये (अॅमेझॉनच्या क्लाउडवर कोड चालवायच्या सेवेत) झिपने दिलेलं पॅकेज उलगडल्यावर २५० एमबीच्या आत बसवावं लागतं, आणि डॉकर इमेज (सर्व्हरवर चालवायला सगळ्या सामानासकट बांधलेला प्रोग्राम) लहान करतानाही पहिला प्रश्न आत काय आहे हाच असतो.

आणि प्रत्येक कामाच्या फोल्डरमध्ये स्पेक फाइल (पायइन्स्टॉलरच्या बिल्डच्या सूचना असलेली), लायब्ररींच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी आणि पायथनची आवृत्ती लिहून ठेवा. संत्र्याच्या आंबिया बहाराला दिलेल्या प्रोग्रामात बदल हवा म्हणून पुढच्या मृग बहाराला फोन येतो, तोवर तुमच्या मशीनवर बरंच काही नवं आलेलं असतं. यादी असेल तर तोच व्हेन्व थोड्या वेळात पुन्हा उभा राहतो आणि फाइलही तेवढीच निघते.