खोट्या हंड्यात खरा चौक

पुण्याच्या कसब्यातल्या जुन्या वाड्याच्या चौकाचा फोटो आहे. त्यात तांबट आळीत घडतो तसा मठारलेला, म्हणजे हातोडीने ठोकून घडवलेला, तांब्याचा हंडा ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये बनवून ठेवायचा आहे. घडण कितीही नेटकी असो, हंड्याच्या पोटात तो चौक दिसला नाही की बनाव उघडा पडतो.

आधी चारी बाजूंचा चौक एका गोळ्याच्या प्रतिबिंबात टिपा. जिन्याच्या रेलिंगवर बसवतात तो दहाएक सेंटिमीटरचा चकचकीत स्टीलचा गोळा बोहरी आळीसारख्या हार्डवेअर बाजारात शोधा. तो हंड्याच्या जागी ठेवून लांब लेन्सने दुरून फोटो काढा, म्हणजे प्रतिबिंबात तुम्ही मुंगीएवढे दिसाल. कॅमेऱ्याचं छिद्र एफ/८, संवेदनशीलता आयएसओ १०० आणि व्हाइट बॅलन्स पक्के ठेवा. बदलायचा तो फक्त शटर: १/४०००, १/१०००, १/२५०, १/६०, १/१५. एकाच फोटोवर भागवलंत तर आकाश आणि चुन्याची भिंत सारखीच पांढरी ठरते, उजेड मिळमिळीत होतो.

पाचही फोटो ल्युमिनन्स एचडीआर या सॉफ्टवेअरमध्ये उजेडाचे सगळे टप्पे राखणाऱ्या एका चित्रात एकत्र करून, गोळ्याच्या कडेला अगदी भिडवून चौकोनी कापा. ब्लेंडरच्या वर्ल्डमध्ये, म्हणजे दृश्याभोवतीच्या परिसराच्या सेटिंगमध्ये, ते एन्व्हायर्नमेंट टेक्श्चर म्हणून लावून प्रोजेक्शन 'मिरर बॉल' निवडा आणि दिशा जुळेपर्यंत फिरवा.

ऊन मात्र यातून मिळत नाही. १/४००० लाही सूर्य जळतोच, त्यामुळे सावली फिकट पडते. चित्रातला सूर्य पुसून वेगळा सन लॅम्प लावा, अँगल ०.५३ अंश. सावलीची लांबी मूळ फोटोवरूनच घ्या. पुण्यात १३ मेच्या भर दुपारी ती पायाखाली असते, डिसेंबरात जवळजवळ वस्तूएवढी.

सगळ्यात जास्त फसतं ते हंड्याच्या बुडाशी. वर्ल्डमधलं चित्र अनंत अंतरावर आहे असं सॉफ्टवेअर धरतं, म्हणून हातभर अंतरावरची फरशी चुकीच्या जागी उमटते आणि हंडा तरंगतो. खाली खरी सपाट पातळी ठेवा, तिला त्याच फोटोतली फरशी चिकटवा आणि सायकल्स या ब्लेंडरच्या रेंडर इंजिनमध्ये 'शॅडो कॅचर', म्हणजे फक्त सावली झेलणारी, करा.

तांब्यासाठी मेटॅलिक १, रफनेस ०.२ ते ०.३, बेस कलर ०.९५, ०.६४, ०.५४. रंग फिका गुलाबी वाटेल, वाटू द्या. गडद तपकिरी घेतलात तर हंडा चॉकलेटचा होतो. मठारीचे ठोके बंप मॅपने, म्हणजे पृष्ठभागावर उंचसखलपणाचा भास देणाऱ्या चित्राने द्या, पण किंचित कमी-जास्त आकाराचे. एकसारखे ठोके यंत्राचे वाटतात.

रेंडर, म्हणजे तयार झालेलं चित्र, फोटोवर बसवताना रंग पडद्यावर कसे दाखवायचे ते ठरवणारा व्ह्यू ट्रान्सफॉर्म 'स्टँडर्ड' ठेवा. त्यातल्या 'एजीएक्स' या पर्यायात मूळ फोटोच विटका दिसतो, आणि मग दोष उगाच हंड्यात शोधला जातो.